मान हलवायची नाही

नेझुबाईंचा पांढरा टेम्पो एखाद्या कारखान्याच्या दारात उभा राहिला, की आमच्या गावात लोक ओळखतात: आत मालकाने काहीतरी घोळ घालून ठेवलाय. टेम्पो मुळात बाईंच्या नवऱ्याचा. नवरा होता तेव्हा त्यातून कांद्याच्या पातीच्या जुड्या बाजारात जायच्या. तो गेल्यावर बाईंनी मागे फायली भरल्या. दमट हवेत त्या फायलींना अजून पातीचा वास येतो, आणि सरकारी कचेरीतले लोक त्या नाकाला रुमाल लावून उघडतात.

बाईंचा धंदा मालकांना शहाणपण विकायचा. नोकरांच्या रजा, विमा, कामाचे तास, नियमावली, हे सगळं छोट्या मालकांना समजावून सांगणाऱ्या परवानाधारक सल्लागाराला आमच्याकडे जपानात शारोशी म्हणतात. गावात असे तीन आहेत. दोघे सूट घालतात, आणि नेझुबाई गमबूट. वय सहासष्ट, उंची बेताची, आवाज मात्र बर्फावरून दोन शेतं ओलांडून जाईल असा. मी ओबाता मिचियो, त्यांच्या कचेरीतली एकुलती एक नोकर. चौदा वर्षं झाली. त्यामुळे बाईंबद्दल बोलायचा अधिकार माझ्याइतका कोणाला नाही, आणि बोलायची खाजही.

बाईंची काही ठरलेली वाक्यं आहेत. गावातल्या मालकांना ती पाठ आहेत, पाळता येत नाहीत इतकंच. "कागद भांडणाआधी लिहायचा. भांडणानंतर लिहितात त्याला पंचनामा म्हणतात." "कुणाला कामावरून काढायचं तर तीस दिवस आधी सांगा, असं कायदा म्हणतो. तीस दिवसांत तुमचाच राग उतरतो, कायद्याला ते माहीत आहे." एखादा मालक गहिवरून म्हणाला, की बाई, आमची माणसं म्हणजे आमचं कुटुंबच, तर बाई हात पुढे करतात. "छान. आता कुटुंबाचा हजेरीपट दाखवा."

बाई मालकांच्याच बाजूने का बसतात, हे मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. बाई सव्वीस वर्षांच्या असताना विणकामाच्या एका गिरणीत कारकून होत्या. लग्न ठरल्याचं कळताच व्यवस्थापक जवळ आला, खांद्यावर हलकेच हात ठेवून म्हणाला, "अभिनंदन. आता घर सांभाळायला मोकळ्या झालात!" बाईंनी कमरेत वाकून आभार मानले आणि टेबल आवरलं. नाही म्हणता आलं असतं, हे त्यांना दहा वर्षांनी एका पुस्तकात सापडलं. त्या तिरीमिरीत लोणच्यावर दाब म्हणून ठेवायच्या दगडाला पुस्तक टेकवून अभ्यास केला, तीनदा नापास झाल्या, चौथ्यांदा सुटल्या.

"मग कामगारांच्या बाजूने लढायचं ना," मी म्हटलं.

"त्या व्यवस्थापकाला तरी कुठे ठाऊक होतं गं? आपण पुण्य करतोय असंच वाटत होतं त्याला. मला त्याच्यासारख्याच्या शेजारी बसायचंय. हात खांद्यावर पडायच्या आत."

तर गेल्या मार्चची बारा तारीख. सकाळीच मामिया मालकांचा फोन आला.

"ओबाता-सान, बाईंना द्या. इवासेने लिफाफा दिला."

आमच्याकडे नोकराने दोन्ही हातांनी पांढरा लिफाफा पुढे केला, की आत काय आहे ते विचारायचं नसतं. राजीनामाच असतो. बाईंनी फोन घेतला आणि ओरडल्या, "उघडलात?"

"नाही."

"काही बोललात?"

"नाही. तोंडून शब्दच फुटेना."

"मान हलवलीत का?"

मामिया म्हणाले, "तेव्हा मी फोनवर होतो बाई. मान हलत होती, पण ती फोनवरच्या माणसासाठी."

"आलेच," बाई म्हणाल्या.

मामियांचा कारखाना सेनबेईचा. तांदळाच्या पिठाच्या चकत्या निखाऱ्यावर भाजून त्यांना सोया सॉसचा हात द्यायचा. माणसं सोळा. बाकीच्या चकत्या यंत्रावर भाजल्या जातात, पण कारखान्याचं नाव ज्यांच्यावर चालतं त्या हाताने भाजलेल्या चकत्या इवासे-सान काढतात. बत्तीस वर्षं एकाच जागी, एकाच बुटक्या स्टुलावर. वय त्रेसष्ट, बोलणं कमी. सहा वर्षांपूर्वी बायको मित्सुए गेली, तेव्हापासून त्याहून कमी.

भांडण रजेवरून होतं. रजा मिळत नाही म्हणून नव्हे, रजा घेत नाही म्हणून. आता कायदाच आहे: वर्षातून निदान पाच दिवस पगारी रजा प्रत्येकाला घ्यायला लावायची, आणि ती जबाबदारी मालकाची. नोकराने मागितली नाही ही सबब चालत नाही. मामिया दर उन्हाळ्यात कारखाना पाच दिवस बंद ठेवून सगळ्यांची रजा एका दमात उरकायचे. या वर्षी मोठी मागणी आली, कारखाना बंद ठेवला नाही, आणि ज्याने त्याने आपापली रजा घ्यायची ठरली. पंधरा जणांनी घेतली. इवासेंनी शून्य. मालकांनी तीनदा तारखा लिहून दिल्या, तिन्ही वेळा हा गृहस्थ पहाटे पाचला निखारे फुलवून स्टुलावर हजर. आणि कामाला आला म्हटल्यावर ती रजा रजेत धरत नाहीत. वर्ष संपायचं एकतीस मार्चला.

"म्हणून काल मी म्हटलं," मामिया कचेरीत आम्हाला सांगत होते, "रजा घ्यायची नसेल तर उद्यापासून येऊच नकोस! चुकलं, बाई. तोंडातून गेलं. आणि आज हा लिफाफा."

"रजा घेत नाही म्हणून कायमची रजा," बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं." त्यांनी लिफाफ्याला हात न लावता वाकून वरची अक्षरं वाचली. "बरं आहे. नुसतं कळवलेलं नाही, विनंती केलीय. विनंती आहे तोवर ती मागे घेता येते. तुम्ही हो म्हणालात की संपलं. आणि हो म्हणायला तोंडच लागतं असं नाही. तेव्हा मामिया-सान, हा लिफाफा सुटेपर्यंत इवासेसमोर मान हलवायची नाही."

मामियांची पाचावर धारण बसली. समोरचा बोलत असला की मान हलवत राहणं ही आम्हा सगळ्यांचीच खोड, पण मामिया म्हणजे कळस. ते रेडिओवरच्या बातम्यांनाही मान हलवतात. हवामानाचा अंदाज ऐकताना तर दोनदा.

"हा कुठे ठेवू?" ते कळवळून म्हणाले.

भिंतीवर देवाची फळी होती. बाईंनी तिकडे बोट दाखवलं. "तिथे. देवाने मान हलवली तर पुढे बघू."

मग त्या भट्टीपाशी गेल्या. मी मागे, वही घेऊन. इवासे-सान लांब काड्यांनी चकत्या उलटत होते. बाई त्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"इवासे-सान, तुमच्यामागे निखारे कोण सांभाळेल, ही काळजी आहे का?"

"मालकांना येतं. थोरल्या मालकांनी शिकवलंय त्यांना. जळतील थोड्या."

"मालकांचा राग आलाय?"

"छे हो. तोंडाने फटकळ, बाकी गरीब माणूस."

"मग घरी जीव रमत नाही? एकटे असता म्हणून?"

"रविवारी असतोच की. सवय झालीय." त्यांनी एक ओळ उलटली, दुसरी ओळ उलटली. वास असा सुटला होता की माझं लिहिण्यात लक्षच राहिना.

"मग घोडं पेंड कुठे खातंय ते तरी सांगा. हे स्टूल सोडलंत तर कुठे बसणार आहात तुम्ही?"

इवासेंचा हात थांबला. इतका वेळ थांबला की एक चकती करपली, आणि बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून चकती करपलेली कुणी पाहिली नव्हती म्हणतात. "कुठेच नाही," ते म्हणाले. मग अगदी हळू, "रजेवर जायला काही नाही हो, बाई. परत येणं अवघड."

एवढं बोलून त्यांनी पुढची ओळ उलटायला घेतली. बाईंनी ते वाक्य माझ्या वहीत लिहायला लावलं. परत येताना टेम्पोत त्यांनी ते मला चारदा वाचायला लावलं, आणि चारही वेळा आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही.

कचेरीत आल्यावर मला राग आला. का, ते सांगते. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पाच दिवस. एकतीस मार्च.' आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ ना, लोक हक्काची रजा घेत नाहीत. कमाल आहे!"

"माझी किती झाली या वर्षी?" मी विचारलं.

"तुझी?"

"मी पण नोकरच आहे. एक दिवस झालीय. दाताच्या डॉक्टरकडे गेले होते तेव्हाची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

बाई लालबुंद झाल्या. कायद्याने पकडलेला मालक कसा दिसतो ते मी बऱ्याचदा पाहिलंय, पण बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी सारवासारव म्हणून विषय बदलला. "दाताच्या डॉक्टरकडे? तू तर तेव्हा कुठेतरी फिरायला गेली होतीस. येताना गोड पाव आणलेस ना तू, लाल चवळीचं पुरण भरलेले? चार खाल्ले मी."

"ते स्टेशनवर घेतले. दात काढून, गाल सुजलेला असताना, रांगेत उभी राहून."

"का पण?"

"का म्हणजे? रजेवरून हात हलवत कसं यायचं?"

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. मी, त्यांनी न सांगताच, वही उघडून ते वाक्य पाचव्यांदा वाचलं.

आमच्याकडे ही रीतच आहे. रजा घेतली म्हणजे आपलं काम दुसऱ्यांनी ओढलं. मग परत आल्यावर प्रत्येकासमोर वाकून "तुम्हाला त्रास दिला" म्हणायचं, आणि गेलो होतो त्या गावची खाऊची पेटी चहाच्या टेबलावर ठेवायची. मामियांकडे या वर्षी प्रत्येकाने वेगवेगळी रजा घेतल्यापासून त्या टेबलाला यात्रेचं रूप आलं होतं. कुणी होक्काइदोची लोण्याची बिस्किटं आणली, तर पुढच्याने क्योतोचा दालचिनीचा खाऊ. पॅकिंगच्या प्रमुख फुसाए-सान यांनी थेट ओकिनावाहून काळा गूळ आणून सगळ्यांवर कडी केली. आणि इवासे-सान? त्यांनी पाच दिवस कुठे जायचं, आणि कुठून काय आणायचं? रिकाम्या हाताने टेबलापाशी उभं राहायचं म्हणजे सगळ्या कारखान्याला ओरडून सांगायचं, की मला जायला जागा नाही आणि सोबतीला माणूस नाही. त्यापेक्षा लिफाफा बरा. मला एकदम रडू आलं. बाईंनी मला चहा करून दिला, आणि मग कॅलेंडरवर माझ्या नावाने चार दिवस लाल पेन्सिलीने रंगवले.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी मामियांच्या नियमावलीत नवं कलम लिहिलं: रजेवरून येणाऱ्याने काहीही आणू नये, कोणाचीही क्षमा मागू नये. कारण लिहिलं, 'स्वच्छता'. इवासेंचं नाव कुठेच येऊ द्यायचं नव्हतं. पण नियमावली बदलायची तर कामगारांच्या प्रतिनिधीचं मत लेखी घ्यावं लागतं. आणि प्रतिनिधी होत्या फुसाए-सान, ज्यांच्या जिभेला हाड म्हणून नाही.

चहाच्या खोलीत बैठक झाली. इवासे-सान नेहमीप्रमाणे भट्टीवर होते. फुसाए-सान यांनी कलम वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"म्हणजे खाऊ बंद?"

"बंद," बाई म्हणाल्या.

"मग चहाबरोबर काय खायचं? सेनबेई? बाई, मी एकोणीस वर्षं सेनबेई पिशवीत भरतेय. स्वप्नात पण भरते. चहाला सुद्धा तीच?"

पॅकिंगच्या बायका एका सुरात हो-हो म्हणाल्या. मामिया मान हलवायला लागले होते, त्यांना आठवलं आणि त्यांनी हनुवटी दोन्ही हातांनी धरली.

"कायद्याने तुमचं नुसतं मत लागतं, फुसाए-सान. संमती नाही," बाई म्हणाल्या.

"मग हे घ्या मत." फुसाए-सान यांनी कागदावर मोठ्ठं 'विरोध' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "आणि स्वच्छतेचं आम्हाला सांगू नका. या टेबलावरून तुम्ही दर महिन्याला किती खाता ते मोजलंय मी!"

तो कागद जोडून बाई नियम दाखल करू शकत होत्या, कायद्याला चाललं असतं. पण पॅकिंगने न मानलेला नियम भिंतीवर राहतो, अंगात उतरत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. आणि इथे माझा ताबा सुटला. गुपित ठेवायचं होतं ते माझ्या तोंडून गेलंच.

"फुसाए-सान, प्रत्येकाला जायला ओकिनावा नसतं!"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की चौदा वर्षांची नोकरी गेली म्हणूनच समजले. भट्टीकडचं दार अर्धवट उघडं होतं, आणि सगळ्यांनी हळूहळू तिकडे पाहिलं.

"अगं बाई," फुसाए-सान म्हणाल्या. चष्मा पुन्हा काढला, पण पुसला नाही. "मी गूळ आणला तेव्हा त्याने दोन खडे कागदात बांधून घरी नेले. मला वाटलं, आवडला. मित्सुएच्या फोटोपुढे ठेवायला नेले असणार. आणि मी गाढव त्याला विचारते, इवासे-सान, तुम्ही कुठे जाणार? सगळ्यांसमोर विचारते, दर आठवड्याला!"

त्यांनी तो 'विरोध' खोडला. मग बाईंच्या कलमावरही काट मारून खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'रजेवरून येणाऱ्याने आपल्या दारापासून चालत जाता येईल, त्यापलीकडचं काहीही आणू नये.'

"हे असं कलम आजवर कुणी केलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"बेकायदा आहे का?"

बाईंनी बराच विचार केला. "नाही."

"मग शिक्का मारा."

पुढच्या मंगळवारी फुसाए-सान यांनी स्वतः एक दिवस रजा घेतली आणि बुधवारी आणली शेजारच्या शेतातली भाजलेली रताळी. त्यांची भाची शनिवारी त्यांच्यासाठी खास तोक्योहून खाऊ घेऊन येणार होती, तिला फोन करून सांगितलं, तुझा तूच खा. गुरुवारी हिशेबाच्या मुलीने परसातला पालक आणला. इवासे-सान यांनी रताळं हातात घेऊन विचारलं, "हे चालतं?"

"चालतं काय, नियम आहे," फुसाए-सान यांनी भिंतीकडे बोट केलं. "वाचा. खाली शिक्का पण आहे."

ते चष्मा शोधून उभे राहिले आणि ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. संध्याकाळी घरी जाताना कचेरीत डोकावले, आणि म्हणाले, चोवीसपासून अठ्ठावीसपर्यंत. मामियांनी हनुवटी धरून ठेवली आणि तोंडाने फक्त "लिहून घेतो" म्हटलं.

ते पाच दिवस भट्टीवर मामिया बसले. पहिल्या दिवशी निम्म्या चकत्या करपल्या, दुसऱ्या दिवशी त्याहून थोड्या कमी. तिसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडे इवासे-सान धुराड्याकडे बघत उभे दिसले. फुसाए-सान यांनी खिडकी उघडली. "चालत यायचं अंतर म्हटलं म्हणून इथवर चालत यायचं नसतं! घरी जा! आत पाऊल टाकलंत तर दिवस मोजला जाणार नाही!" इवासे-सान टोपी काढून वाकले आणि परत गेले. धूर काळा होता, जाताना दोनदा वळून पाहिलं.

एकतीस तारखेला सकाळी आमचा टेम्पो दारात होता. बाई म्हणत होत्या, कागदांवर सह्या घ्यायच्यात. सह्या शुक्रवारीच झाल्या होत्या. मी काही बोलले नाही.

इवासे-सान आले ते कापडात गुंडाळलेला जड डबा दोन्ही हातांनी सांभाळत. प्रत्येकासमोर वाकायला लागले, तर फुसाए-सान म्हणाल्या, "ते राहू द्या, डबा उघडा." आत काकडी, मुळा, गाजर, तांदळाच्या कोंड्यात मुरलेलं लोणचं, पातळ कापून ओळीने लावलेलं.

"कोंडा मित्सुएचा आहे," इवासे-सान म्हणाले. "विरजणासारखा असतो तो, रोज हात घालून ढवळावा लागतो, नाहीतर मरतो. सहा वर्षं ढवळतोय. पण एकट्याला किती लागतं? खायला कुणी नव्हतं." आणि एवढं मोठं भाषण केल्याची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

फुसाए-सान यांनी मुळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "तिचाच हात आहे हा," त्या म्हणाल्या. मग डोळे न पुसताच दुसरा तुकडा घेतला. "मीठ किंचित जास्त. ते तुमचं."

डबा फिरला. बाईंनी पाच तुकडे खाल्ले, मी मोजले. इवासे-सान मात्र टेबलापाशी थांबले नाहीत. ते कचेरीत गेले, देवाच्या फळीसमोर दोनदा टाळ्या वाजवून वाकले आणि वरचा लिफाफा काढून घेतला. एकोणीस दिवसांचा पिठाचा थर त्यावर बसला होता. त्यांनी तो फुंकला, खिशात घातला आणि मामियांसमोर कमरेत वाकून म्हणाले, "मालक, ही विनंती मी मागे घेतो. स्टुलावर बसू का?"

मामियांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. दोन्ही हात हनुवटीखाली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी आलेलं.

"बाई, आता हलवू?"

"हलवा," बाई म्हणाल्या.